लाल पुस्तकातल्या लेकी

इंग्लंडच्या कुठल्या उमरावाची धाकटी मेहुणी कोणत्या घरात दिली आहे, हे खुद्द त्या उमरावाला एखादे वेळी आठवलं नसतं; पण काळाचौकीच्या आमच्या आतोबांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सातवी पास, मिलच्या साचेखात्यात विणकर, आणि इंग्रजीशी ओळख बसची पाटी वाचण्यापुरती. मुंबई आणि कोकणातलं आपलं गाव सोडून तिसरी जागा त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पण लंडनच्या राजवाड्याशी ज्या ज्या घराण्यांची सोयरीक झाली होती, त्यांची चार-चार पिढ्यांची लग्नं त्यांना तोंडपाठ होती. चाळीतले लोक म्हणायचे, राणीच्या घरी कार्य निघालं तर आमंत्रणाची यादी करायला यांनाच बोलावणं येईल. आतोबा ते थट्टेवारी नेत नसत. जायला हरकत नाही, पण ऐन सीझनमध्ये खात्यातून रजा मिळणं कठीण, असं ते गंभीरपणे सांगायचे.

या वेडाला कारण झालं एक लाल पुस्तक. मिलच्या ऑफिसात कुणा जुन्या गोऱ्या मॅनेजरचं काचेचं कपाट होतं. ते रिकामं केलं तेव्हा सगळी पुस्तकं रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेली, आणि त्यातलं सर्वात जाड पुस्तक आतोबांनी उचलून आणलं. आणलं ते आत्यासाठी. लोणच्याच्या बरणीवर ठेवायला तिला वजनदार काहीतरी हवं होतं. वर्षभर त्या पुस्तकानं इमानेइतबारे लोणचं दाबून धरलं. मग एके दिवशी आतोबांनी ते सहज उघडलं, आणि पानापानावर ढाली, सिंह, हरणं, गरुड, झाडं असली चित्रं बघून ते तिथंच ओट्याशी उकिडवे बसले. इंग्लंडातल्या सगळ्या उमराव घराण्यांच्या वंशावळी होत्या त्या. मी तेव्हा कॉलेजात होते. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की गॅलरीतून हाक यायची, "बाय गो, जरा वाचून दाव." पुस्तकाला जन्मभर हिंगाचा वास राहिला. इंग्लंडची सरदार घराणी म्हटली की मला आजही आधी हिंगच आठवतो.

त्या ढालींवरची चित्रं म्हणजे त्या त्या घराण्याचं देवक, याबद्दल आतोबांच्या मनात कधी शंका आली नाही. आपलं कळंबाचं, कुणाचं उंबराचं, तसं यांचं सिंहाचं नाहीतर हरणाचं. मी परोपरीनं सांगितलं की ती फक्त घराण्याची खूण असते, तिचा लग्नाशी संबंध नाही. ते माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, खूण असते तीच मग देवक. एकदा नवरा-नवरी दोघांच्याही ढालींवर सिंह निघाला, तर त्यांनी पुस्तक मिटून टाकलं. देवक एक असताना लग्न लावलंच कसं, तिथं कुणी म्हातारं माणूस नव्हतं का, म्हणून ते अर्धा तास गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. शेवटी मी एक सिंह उभा आहे आणि दुसरा बसलेला आहे हे दाखवून दिलं, तेव्हा कुठे त्यांनी त्या लग्नाला परवानगी दिली. पदव्यांचीही त्यांनी आपल्या सोयीनं मांडणी केली होती. ड्यूक म्हणजे सरदेसाई, अर्ल म्हणजे खोत, आणि बॅरन म्हणजे नुसता गावकर. "गावकराची पोर सरदेसायाच्या घरात पडली बघ," असं ते कौतुकानं म्हणायचे, आणि शेजारच्या बायकांना वाटायचं, गावाकडची बातमी आहे.

जुन्या रुपयावरच्या राणीवर मात्र त्यांचा राग होता. तिचा नवरा तिचा सख्खा मामेभाऊ, हे वाचून दाखवलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. मामाच्या मुलीशी लग्न आपल्यात चालतं, पण आत्याची मुलगी घरात सून म्हणून आणणं म्हणजे घरातून गेलेली वेल परत घरात आणणं. ते अशुभ. एवढं मोठं राज्य हातातून गेलं ते कशामुळे, याचा उलगडा त्यांना त्या दिवशी झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत तो सगळ्या साचेखात्याला झाला. पुढे आताच्या राणीच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी एका अर्लची, म्हणजे खोताची. त्या पंधरवड्यात आतोबांनी लाल पुस्तक अक्षरशः पिंजून काढलं. मुलीचं आजोळ, आजोबांचं आजोळ, सगळं तपासून नातं फार लांबचं असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला आणि आत्याला गोड काहीतरी करायला सांगितलं. आत्यानं शिरा केला. कुणाच्या लग्नाचा हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

पण एवढ्या सगळ्यात आतोबांचा जीव अडकला होता तो वेगळ्याच गोष्टीत. एकदा वाचता वाचता मी एका ड्यूकचे पाच मुलगे संपवून पुढच्या पानाकडे वळले, तर त्यांनी माझा हात धरला. खाली आणखी नावं आहेत ती कुणाची, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलींची. कुठं दिल्या, कधी दिल्या, मुलं किती, सगळं आहे. ते बराच वेळ त्या ओळींवरून बोट फिरवत राहिले. एका नावापुढं काहीच नव्हतं, फक्त दोन-तीन अक्षरं. मी सांगितलं, हिचं लग्न झालं नाही. "तरी लिवलीय," ते म्हणाले. मग म्हणाले, "मागं लिवतात, सगळ्या पोरग्यांच्या मागं. पण लिवतात." त्यांच्या गावच्या मोठ्या घरात भाऊबंदांची वंशावळ होती, कापडावर चिकटवलेला लांब कागद. दर शिमग्याला तो उघडायचा आणि वर्षभरात जन्मलेल्या मुलग्यांची नावं त्यात चढवायची. आतोबांना एक बहीण होती. लग्न होऊन घाटावर गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. त्या कागदावर ती कधी जन्मलीच नव्हती. हे त्यांनी मला तेव्हा एकदाच सांगितलं, आणि लगेच म्हणाले, चल, पुढचा खोत घे.

मग संप झाला. पहिले काही महिने आतोबा मोर्च्यांना गेले, सभांना गेले, घसा बसवून घरी आले. मग सभा विरळ झाल्या, चाळीतल्या खोल्यांना कुलपं लागू लागली, माणसं गावी गेली. आत्या पोळपाट-लाटणं घेऊन डबे करू लागली. ज्या हातांना तीस वर्षं तुटलेला धागा क्षणात सापडायचा, ते हात दिवसभर मांडीवर पडून असायचे, आणि ते बघवत नसे. शेवटी आतोबांनी गणपती मंडळाची जुनी पोस्टरं गोळा केली, खळ करून ती एकमेकांना चिकटवली, आणि कोऱ्या बाजूवर राजघराण्याच्या सगळ्या सोयरिकींचा एकच प्रचंड तक्ता मांडायला घेतला. चाळ म्हणाली, माणूस गेला कामातून. आत्या म्हणाली, जाऊ दे, दारू तर पीत नाही.

आणि अशात त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, शालूनं, घरात सांगितलं की तिचं ठरलं आहे. मुलगा टायपिंगच्या क्लासमधला, नाव हरेश, माहीमच्या कोळीवाड्यातला. आई दादरच्या बाजारात मासळी विकते. ही आई म्हणजे नेमकी तीच, जिच्या टोपलीतल्या प्रत्येक पापलेटाचे कल्ले उघडून बघत आत्यानं पंधरा वर्षं तिचा जीव खाल्ला होता. आत्या दोन दिवस रडली. जातीबाहेर, तेही अशा वेळी, लोक म्हणतील बापाची नोकरी गेली म्हणून पोर ढकलून दिली. तिसऱ्या दिवशी धुवट शर्ट घालून आतोबा माहीमला गेले आणि मला बरोबर नेलं. मला वाटलं, आता भांडण. तर हे खाटल्यावर टेकले आणि हरेशच्या आजीला विचारू लागले, तुमचं माहेर कुठलं, तुमच्या आईचं कुठलं, तिच्या सासूचं नाव काय. म्हातारी आधी संशयानं बघत होती, मग खुलली. तिला नवऱ्याच्या घरच्या पाच पिढ्या होड्यांच्या नावांनी पाठ होत्या, आणि होड्यांना नावं बायकांची होती. परत येताना आतोबा एवढंच म्हणाले, "घराणं मोठं हाय गो. बायकांची नावं होडीवर लिवतात."

पण गाव ऐकणार नव्हतं. भाऊबंदांची बैठक झाली आणि पत्र आलं: हे लग्न केलंस तर मुलीचं नाव वंशावळीतून कापण्यात येईल. आत्याच्या हातून पत्र गळून पडलं. शालू म्हणाली, बाबा, मी नाही करत लग्न. तिचा चेहरा मला अजून दिसतो. गावाशी संबंध तोडणं म्हणजे काय, हे त्या वर्षी गिरणगावातल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती; मिल गेल्यावर पाय टेकायला तेवढीच एक जागा उरली होती. आतोबांनी शांतपणे उत्तर लिहिलं. कळवल्याप्रमाणे नाव खुशाल कापावं, फक्त कागद मुंबईस आणून माझ्या डोळ्यांसमोर कापावं.

आणि आतोबांचे थोरले भाऊ खरंच आले. बगलेत पिशवीत गुंडाळलेला तो कागद, खिशाला लाल शाईचं पेन. खोलीत आम्ही सगळे, दारात अर्धी चाळ. आतोबांनी स्वतः खाटेवर चादर साफ केली, कागद उलगडायला हात लावला, भावाला चष्मा पुसून दिला. थोरल्यांचं बोट वरून खाली येऊ लागलं. पणजोबा, आजोबा, वडील, मग तीन भाऊ. थोरल्यांच्या नावाखाली चार मुलगे, मधल्याच्या खाली दोन. आतोबांच्या नावाखाली एक छोटं शून्य होतं. बोट त्या शून्यावर थांबलं, बाजूला सरकलं, परत तिथंच आलं.

"माझ्या चेडवाचा नाव तुमी कापतलास म्हणतास, दादा," आतोबा गावच्या बोलीत म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "ता लिवलेला खंय आसा, ता दाखवा. कापूक आधी लिवूक व्हया."

थोरल्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग आतोबांनी लाल पुस्तक आणलं आणि त्या कागदाशेजारी उघडलं. एका अर्लला मुलगा नव्हता, तीन मुलीच. तिन्ही लिहिल्या होत्या, जावयांसकट, नातवंडांसकट. कुठेही शून्य नव्हतं. थोरल्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते पानाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, मुली लिहायला बसलं तर कागद पुरायचा नाही. आतोबा म्हणाले, कागद मी जोडून देतो, खळ घरात आहे. थोरल्यांनी ना काही कापलं, ना काही लिहिलं. चहा घेतला, कागद गुंडाळला आणि गेले. पण शालूच्या लग्नात, हरेशच्या हळदीला ते माहीमला हजर होते. मागच्या रांगेत बसले, कुणाशी बोलले नाहीत, मात्र सुरमई दोनदा मागून घेतली. आत्यानं त्या दिवसानंतर विहीणबाईंच्या टोपलीतला मासा कधी उलटून पाहिला नाही.

मिल पुन्हा सुरू झाली नाही. आतोबा परळच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. तिथंही, येणाऱ्या बायकांची नावं लिहिताना ते माहेरचं नाव विचारायचे. सेक्रेटरीनं तंबी दिली, पण दोन-तीन म्हाताऱ्या मुद्दाम फाटकाशी थांबून सांगायच्या, असं मी ऐकलं. राणीच्या मुलाचं ते लग्न पुढे मोडलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता तक्त्यातली रेघ पुसा. ते रागावले. लग्न मोडलं तरी मुलं झाली आहेत, रेघ पुसली तर त्या पोरांनी लोंबकळायचं कशाला, असं म्हणाले.

अगदी शेवटी, हात थरथरू लागल्यावर, त्यांनी मला बोलावून घेतलं. नवा तक्ता करायचा होता, इंग्रजांचा नाही, आपला. अक्षर माझं चांगलं म्हणून मी लिहायचं. शालूची मुलगी, शालू, आत्या, आत्याची आई म्हणजे माझी आजी, घाटावर गेलेली बहीण, माहीमची म्हातारी, तिच्या सासवा. ते सांगत गेले, मी चौकटीत नावं भरत गेले. त्यांच्या आईच्या आईपाशी ते थांबले. इंग्लंडच्या डचेसच्या आज्या ज्यांना पाठ, त्यांना स्वतःच्या आजीचं नाव ठाऊक नव्हतं. गावी विचारून झालं होतं, सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, मग राहू दे, चौकट नको काढायला.

"काढ," ते म्हणाले. "मोकळी ठेव. होती ती."

मी चौकट काढली. मग ते म्हणाले, आता तुझी काढ. मी हसले. मी लग्न केलं नाही, माझ्यापुढं कुणी नाही, आणि त्यांच्या घराण्याची तर मी लांबूनही नाही; बायकोची भाची. असल्या माणसाला कुठल्या तक्त्यात जागा असते? मी हे थट्टेतच म्हटलं होतं, निदान मला तसं वाटलं होतं. आतोबांनी बोटानं शालूशेजारची कोरी जागा दाखवली.

"जिचं नाव ठाऊक नाय तिला चौकट दिली, बाय," ते म्हणाले, "तू तर समोर बसलीयस."

मी माझं नाव लिहिलं. सगळ्या तक्त्यात तेवढंच एक अक्षर बिघडलं आहे.