चुलीवर ओतलेलं डिझेल

“राजा मागाहून. आधी चूल दाखवा,” असं पेट्रोनिला काअल नेहमी म्हणायची.

आमच्या पेतेनच्या रानातलीच लेक. शहरात शिकली आणि जुन्या माया वस्त्या खणू लागली. बाकीचे राजांच्या थडग्यांमागे धावले; हिने उभी हयात साध्या माणसांच्या उकिरड्यांत घालवली. आमच्या टेकडीवरचं पटांगण राजे व्हायच्या आधी लोकांनी मिळून बांधलं, असं तिचं म्हणणं. विद्वान हसायचे. पुरावा कुठाय, विचारायचे.

पुरावा त्या उन्हाळ्यात निघाला. पटांगणाच्या फरशीखाली बुजलेली चूल, कोळशासकट. कोळसा तपासला की पटांगणाचा काळ कळणार होता. पण टेकडीला विचारल्यावाचून आम्ही तिच्या पोटातलं काही उचलत नाही. आणि विचारणारे क्रिसांतो आजोबा आधी पथ्य पाळतात, बायकोपासूनही दूर राहतात. पेट्रोनिलाने चुलीवर ताडपत्री टाकली आणि ती थांबली.

नगराध्यक्ष आबेलार्दो थांबला नाही. त्याला पर्यटकांना दाखवायला राजा हवा होता.

पथ्य संपलं त्या सकाळी आम्ही आजोबांबरोबर वर गेलो, तर वाटेतच वास आला. ताडपत्री भिरकावलेली. चुलीत कोंबडीचं रक्त साकळलेलं, त्यावर माश्या, अर्धवट जळलेली लाकडं, तेलकट काळा चिखल. बाजूला फोटोवाला आणि भाड्याने आणलेला पिसांचा टोप घातलेला पुजारी ढेकर देत बसलेले.

“या ताई!” आबेलार्दो म्हणाला. “राजाला जेवू घातलं.”

“कुठल्या राजाला?”

“असेल कुठला तरी. एवढं पटांगण काय रिकामटेकड्यांनी बांधलं?”

“डिझेल कुणी ओतलं?”

“लाकूड ओलं होतं हो. कोळसाच हवा ना तुम्हाला? न्या, ढीगभर झालाय!”

त्याच्याबरोबर आलेले गावकरी खिदळले. त्यांत माझा मेहुणाही होता.

पेट्रोनिलाने चिमूटभर कोळसा चोळला, हुंगला. जुनं-नवं एक झालं होतं, त्यात डिझेल मुरलेलं. त्याचा काळ आता कुणालाच सांगता येणार नव्हता.

“पोरी, माझ्यासाठी थांबलीस गं,” आजोबा म्हणाले.

“न विचारता उचललं असतं, तर ह्याच्यात नि माझ्यात फरक काय उरला असता, आजोबा?”

“ताई, फोटोत या,” आबेलार्दो म्हणाला. “इथे राजा होता, एवढंच बोला.”

ती त्याच्या बुटांवर थुंकली. मग हात मातीला पुसून टेकडी उतरू लागली. आबेलार्दो बूट पुसत शिव्या देत राहिला. टेकडीला विचारायला आणलेला, न पेटवलेला धूप मांडीवर घेऊन क्रिसांतो आजोबा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या शेजारी मी.