आमच्या बिल्डिंगीत पाणी शिरतं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण तिलाही मी सांगितलं नाही, ती तिथंच होती. तुम्ही ऐका, म्हणजे झालं.

मी सांगलीत, कॉलेजात साहित्य शिकवतो. अमेरिकेतल्या काळ्या माणसांवरच्या अन्यायाच्या कथा हा माझा हातखंडा विषय. मुलांना सांगतो — शिव्या देणाऱ्या पात्राला भिऊ नका, ते कळतं तरी. गोड बोलणाऱ्याकडं बघा. 'तुमच्याच भल्यासाठी सांगतो' म्हणत जो दार लावून घेतो ना, त्याची भाषा तपासा. छान शिकवतो मी! का नाही शिकवणार? ती भाषा मला तोंडपाठ आहे.

रफीकभाई हळदीचे व्यापारी, माझे जुने दोस्त. आमच्या बिल्डिंगीतला एक फ्लॅट त्यांना घ्यायचा होता. भाभींनी तर फ्रिज कुठं ठेवायचा तेही ठरवून टाकलं होतं. मग सोसायटीची मीटिंग झाली. मुसलमान नको — एवढंच ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर चेअरमन म्हणाले, "सर, ते तुमच्या शब्दाबाहेर न्हाईत. तुमीच सांगा, गोडीत."

आणि मी सांगितलं. काय सांगितलं? खरं? छे! चहा पिता पिता, खांद्यावर हात ठेवून म्हणालो — भाई, दोस्त म्हणून सांगतो, आमच्या बिल्डिंगीत पुराचं पाणी शिरतं, उगाच अडकू नका. पाणी कधीच शिरलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. "लय उपकार झालं, सर," म्हणाले, आणि मिरजेच्या रस्त्याला घर घेतलं.

पुढं खरोखरच महापूर आला. आमची गल्ली कोरडी ठाक. आणि रफीकभाईंचा फोन — "आवं सर, पाणी चढलं असंल तुमच्यात. वहिनीस्नी घिऊन हिकडं या. लाजू नका."

आता काय बोलणार? नाही म्हटलं असतं तर बिंग फुटलं असतं. गेलो की! बॅग भरून, बायकोला घेऊन, पूरग्रस्त म्हणून गेलो. त्यांनी स्वतःची खोली आम्हाला दिली, स्वतः बाहेर सतरंजीवर झोपले. पाणी ओसरेपर्यंत राहिलो. गरम भाकरी, गप्पा, हसून हसून पोट दुखायचं. सुखाचे दिवस होते ते, खरंच. बायको मात्र तेवढे दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

परवा वर्गात म्हसवडच्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्या गोड बोलणाऱ्याच्या मनाला पुढं त्रास होत असंल का वो?" मी खडू खाली ठेवला. म्हणालो — होतो तर! जन्मभर टोचतं. असली माणसं आतून पोखरलेली असतात. पोरीचं समाधान झालं.

तेही खोटंच. दर ईदेला रफीकभाई आल्यागेल्याला सांगतात, सरांमुळं वाचलो. मी शेजारी बसून ऐकतो, शिरखुर्म्याची दुसरी वाटी मागून घेतो — आणि ती मला गोड लागते.