सगुणाबाई पडद्यामागे बसली नाही

सगुणाबाई आमच्या गल्लीत तेवीस वर्षं मासे आणत होती. कोपरच्या खाडीलगत तिचं घर. टोपली खाली ठेवायच्या आधीच तिची हाक यायची, "वयनी, बोंबील बगा, अजून पानी सोरतंय!" एकादशीला मात्र ती आमच्या दारावरून नुसती हसत पुढे जायची, कारण त्या दिवशी माझ्याकडे मासे शिजत नाहीत हे तिला पंचांगाइतकं पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. टोपली सुनेने घेतली. सगुणाबाई मंगळवार-शुक्रवार डायलिसिसला जाऊ लागली, आणि मुलगा दिपेश कामावर असला की सोबतीला मी.

हे सगळं मी रोजच्या वहीत लिहिलं आहे. रोज पानावर आधी 'श्री' लिहिते, ते त्या शुक्रवारी राहून गेलं. देवाने माफ करावं. सेंटरवाल्यांना मात्र त्याने इतक्यात माफ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

झालं असं. आम्ही सकाळी सेंटरला पोचलो. सगुणाबाई वजनकाट्यावर उभी राहिली, तेवढ्यात तिथले मुख्य टेक्निशियन सुदेश फाईल घेऊन बाहेर आले आणि वीसेक माणसं बसलेल्या त्या हॉलमध्ये मोठ्याने म्हणाले, "मावशी, तुम्हाला कावीळ बी निघालीय. आजपासून तुम्ही त्या मशीनवर."

'ते मशीन' म्हणजे कोपऱ्यातलं, पडद्यामागचं. ज्यांच्या रक्तात कावीळ बी, म्हणजे हिपॅटायटिस बी, आहे त्यांच्यासाठी ते वेगळं ठेवतात. ठेवायलाच हवं, रक्तातून ती दुसऱ्याला लागते. ते मला मान्य आहे.

बाकावरची एक बाई माझ्यापासून जरा सरकून बसली. माझ्यापासून! मी तर नुसती सोबत आलेली.

"मना कावील? कवा झाली?" सगुणाबाईने विचारलं.

"ते आम्हाला काय माहीत? मंगळवारी रक्त घेतलं, रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला. कुठे गोंदवलंत? कुठल्या भोंदूकडून सुई घेतलीत?"

"नाय रं बाबा. सुई मारता ते तुमीच."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. सुदेशना ते झोंबलं. "मासे कापता ना? हाताला काटे लागतात, रक्त येतं. असंच कुठूनतरी आलं असणार. कोळणींचं हे नेहमीचंच आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मासा कापताना काटा लागला तर माशाचं रक्त लागेल. माशाला का कावीळ होते माणसाची? पण शिकलेला माणूस पांढऱ्या कोटात उभा राहून बोलला की आपली जीभ टाळ्याला चिकटते. माझी चिकटली. सगुणाबाईची नाही.

"मी तिथं नाय बसाची," ती म्हणाली. "कावील नसली तर तुमच्या त्या मशिनीनं लागल."

"मग दुसरं सेंटर बघा."

दुपारपर्यंत आम्ही कल्याणपर्यंत जाऊन तीन सेंटरं बघितली. रिपोर्ट वाचला की सगळ्यांचं उत्तर एकच: आमच्याकडे बी-साठी वेगळं मशीन नाही. तिचे पाय तोवर सुजून चपलेत मावेनासे झाले होते. मंगळवारनंतर रक्त साफ झालं नव्हतं. पाणी एकदा छातीत चढलं की माणूस कसा गुदमरतो ते मी त्याच हॉलमध्ये पाहिलेलं आहे. मी म्हटलं, "बाई, बस गं त्या मशीनवर. जिवापेक्षा काय मोठं आहे?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वयनी, तुमीपन?"

आणि अजून एक लिहिते. घरी आल्यावर तिला चहा दिला आणि ती गेल्यावर तो कप मी वेगळा उकळत्या पाण्यातून काढला. चहाच्या कपातून हा आजार लागत नाही हे मला नंतर कळलं. पण हॉलमधल्या त्या सरकलेल्या बाईत आणि माझ्यात काय फरक उरला? मी रोज पूजा करते, हा फरक सांगायलाही लाज वाटते.

शनिवारी सकाळी प्रियांका आली. ही कोपर स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये काम करते. दर तीन महिन्यांनी आमच्या ह्यांची साखर तपासायला घरी येऊन रक्त नेते. बोलता बोलता मी तिला सगळं सांगितलं. तिने नळी हलवता हलवता थांबून एकच प्रश्न विचारला, "काकू, सेंटरने त्यांना काविळीची लस कधी दिलेली?"

मी सगुणाबाईला बोलावून घेतलं. धापा टाकत, भिंतीला धरत आली. तारीख तिला कुठली ठाऊक? पण ती खाडीवरची बाई. "अष्टमीला," ती म्हणाली. "भांगाचा दिस व्हता, भरतीच्या पान्याला जोरच नवता. दोनी दंडांत येक येक सुई मारली. हात उचलत नवता माजा."

"आणि तपासणीचं रक्त?"

"एकादशी झाली, तिच्या दुसऱ्या दिशी."

एकादशी सोमवारची, हे मला न बघता सांगता आलं. म्हणजे लस शुक्रवारी आणि रक्त मंगळवारी. मध्ये चार दिवस.

प्रियांकाने कपाळावर हात मारला. "अहो काकू, लस घेतल्यावर ही टेस्ट महिनाभर करायचीच नसते! काविळीच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. नुसतं त्याचं बाहेरचं सालपट असतं. आणि ही टेस्ट तेच सालपट शोधते. डायलिसिसवाल्यांना डोसही दुप्पट देतात. यांनीच टोचलं आणि यांनाच सापडलं."

सगुणाबाई भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजे कचऱ्यात तिसऱ्यांच्या नुसत्या शिंपल्या बगून कोन म्हनल यांनी तिसऱ्या खाल्ल्या. अन शिंपल्या तर त्यांनीच आनून टाकलेल्या."

"अगदी तस्संच मावशी! आता आतल्या गराची टेस्ट करायची. कोअर अँटिबॉडी म्हणतात. तो गर लशीत नसतोच. खरी कावीळ कधी अंगात शिरली असेल तरच ती टेस्ट लागते. नवीनच लागण असेल तर तीही चुकू शकते, म्हणून सोबत विषाणूची डीएनए पण मागा."

तिने दोन्ही टेस्टची नावं चिठ्ठीवर लिहून दिली. ही पंचविशीतली मुलगी. दारोदार फिरून रक्त गोळा करते. तिला जे माहीत आहे ते एवढ्या मोठ्या काचेच्या दारांच्या सेंटरला माहीत नाही? माहीत असणारच. पण लशीचं कार्ड एका फाईलला, रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या फाईलला, आणि दोन्ही एका माणसाने एका वेळी बघायची कोणाला गरज वाटली नाही. 'गोंदवलं कुठे' हे विचारायला वेळ होता, 'लस कधी दिली' हे आपल्याच कार्डावर बघायला नव्हता.

चिठ्ठी घेऊन आम्ही तडक सेंटरवर. सुदेशनी ती वाचली. चेहरा पडला, पण वाणी तशीच. "आता गल्लीतल्या लॅबवाल्या आम्हाला शिकवणार?"

या वेळी माझी जीभ सुटली. "तुमच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर. नाही लावलात तर मी या दारात बसून स्तोत्र म्हणायला घेईन आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते कशासाठी हे सांगेन."

फोन लागला. डॉक्टर पलीकडून बराच वेळ बोलले. सुदेश नुसते "हो सर, हो सर" करत होते. त्याच दिवशी सगळ्यांचं उरकल्यावर शेवटच्या पाळीत, नव्या नळ्या लावून, पडद्याच्या बाहेरच्या मशीनवर सगुणाबाईचं डायलिसिस झालं. दोन्ही टेस्टना रक्त गेलं. मंगळवारी रिपोर्ट आले: कोअर नाही, डीएनए नाही. कावीळ नव्हतीच.

"चला मावशी, तुमची खुर्ची मोकळी आहे," सुदेश म्हणाले. चुकलं, हा शब्द नाही. शुक्रवारी हॉलभर ऐकू गेलेला आवाज आता कानात सांगितल्यासारखा बारीक.

सगुणाबाई खुर्चीकडे निघाली आणि मध्येच थांबली. कोपऱ्यातला पडदा अर्धवट सरकलेला होता. आत विठ्ठलवाडीचे रामाभाऊ बसले होते. भिडस्त माणूस, कोणाशी वर मान करून बोलत नाही. सिस्टर त्यांच्या हाताला सुई लावायच्या तयारीत.

"रामाभाव, तू हितं कवापासना?"

"शुक्रवारपासून. माझा पण रिपोर्ट तसाच आला ना. साहेब म्हणाले बस, बसलो."

"लस कवा दिली तुला?"

"तुमच्यासंगतीच की. तुमच्या मागंच उभा होतो रांगेत."

शनिवारीच यांना सगळं कळलं होतं. त्याच दिवशी लस दिलेल्या बाकीच्यांची कार्डं काढायला किती वेळ लागला असता?

सगुणाबाईने पदर खोचला आणि जाऊन रामाभाऊंच्या हातावर आपला हात आडवा ठेवला. "सिस्टर, सुई मागं घे."

"मावशी, त्यांची काही तक्रार नाहीये," सुदेश म्हणाले.

"तो गरीब हाय म्हनून तक्रार नाय. आदी याचं रगत पाठवा. याला भायेर बसवा. मंग मी बसंन."

"तुमचा टाइम जातोय."

"जाऊ दे. माजा जीव हाय, मी बगीन."

हॉलमधून दोघंतिघं उठून आत आले. एकाने विचारलं, "माझी लस पण त्याच दिवशीची, माझा रिपोर्ट कुठाय?" मग दुसऱ्याने. सुदेशना शेवटी कपाटातून सगळी कार्डं टेबलावर काढावी लागली.

रामाभाऊंचं रक्त गेलं, त्यांना पडद्याबाहेर आणून बसवलं, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर नव्या नळ्यांनी बाहेरच्याच मशीनवर घ्यायचं ठरलं. आधी कावीळ होती की नव्हती एवढंच त्या रक्तातून कळणार. शुक्रवारच्या त्या एका बैठकीत लागली का, ते प्रियांका म्हणते लगेच कळत नाही. सहा महिने दर महिन्याला तपासावं लागेल. एका माणसाचे सहा महिने धास्तीत, आणि कारण काय, तर दोन कागद शेजारी ठेवले नाहीत.

सगुणाबाई खुर्चीत टेकली तेव्हा तिची नेमलेली वेळ उलटून पाऊण तास झाला होता. सुई टोचताना तिने डोळे मिटले नाहीत. समोरच्या टेबलावरच्या कार्डांकडे बघत राहिली.

"वयनी," ती म्हणाली, "रामाभावच्या तपासनीच्या दिशी तुमी पन या. त्याला बोलता येत नाय."