शोभाची दणकट कातडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं उभी राहिले तरी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागते, म्हणजे हा विषय निघायला नको. आता तुम्ही म्हणाल, असं केलंस तरी काय बाई, दरोडा घातलास का? नाही हो. एक वाक्य बोलले. तेही भर रस्त्यात, रिक्षाची वाट बघत उभ्या उभ्या.

पण थांबा, आधी माझ्या जावेची ओळख करून देते. शोभा, माझी धाकटी जाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. सिल्लोडकडची. गारखेड्याच्या आमच्या घरात लग्न होऊन आली ती हसतच. आणि हसणं तरी कसं? शेजारच्या घरातलं निजलेलं पोर दचकून उठेल असं! मला अक्का म्हणते. मी मुळातच फटकळ, नाकावर राग. तर ही बया म्हणणार, "अक्का, तुमी चिडल्या की लई झ्याक दिसता." मग कसलं चिडणं आणि कसलं काय.

उन्हाळा आला की आमच्याकडं कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून त्यांचा चीक काढायचा, तो शिजवायचा आणि गरम असतानाच गच्चीत जुन्या धोतरांवर सोऱ्यानं कुरडया घालायच्या. एक दिवस ती वर उन्हात आणि मी खाली चुलीशी, दुसऱ्या दिवशी उलटं — अशी आमची पाळी ठरलेली. पहिल्या पातेल्यातला थोडा चीक वाटीत काढून, त्यात तूप-साखर घालून आम्ही दोघी जिन्यात बसून खायचो, सासूबाईंची नजर चुकवून. बोटं भाजायची. हसून हसून ठसका लागायचा. कशाला हसायचो, ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. पण त्याहून मोठं सुख मी तरी अजून पाहिलेलं नाही.

ती पाळी तेवढी लक्षात ठेवा. कारण ती मी मोडली.

झालं असं, की दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या चेहऱ्यावर वांगाचे डाग आले. दोन्ही गालांवर, कपाळावर, कुणी चहाचा हात पुसावा तसे. मग काय विचारता! जी येईल ती बाई आधी माझ्या गालाकडं बघायची आणि मग 'कशी आहेस' म्हणायची. अंगात उष्णता झाली म्हणे. सासूबाईंनी जायफळ दुधात उगाळून लावायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ माझ्या तोंडाला बासुंदीचा वास! धाकटा कडेवर घेतला की माझा गाल चाटायचा. शोभा बघायची आणि पोट धरून खाली बसायची. मीही हसायचे. डाग मात्र तसेच.

शेवटी शहागंजाजवळ कातडीचे एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांच्याकडं गेलो. शोभा बाहेर बाकावर माझ्या पोराला घेऊन बसली होती. पोरानं भोकाड पसरलं तशी ती आत आली, त्याला माझ्या मांडीवर टाकलं, डॉक्टरांकडं बघून उगाच हसली आणि गेली. एवढंच. डॉक्टरांनी चष्मा वर केला. म्हणाले, "या कोण?"

"धाकटी जाऊ माझी."

मग ते बोलले. काय बोलले, तेच सांगायला बसलेय ना मी? सांगते. म्हणाले, जायफळाचं सोडा, खरं काम उन्हाचं आहे. ऊन लागलं की वांग वाढतो. आणि ऊन नुसते डाग देऊन थांबत नाही, कातडी आतून झिजवतं, ढिली करतं, वेळेआधी म्हातारी करतं. डाग आणि सुरकुत्या या सख्ख्या बहिणी समजा. तुम्ही उन्हापासून जपा. आणि तुमच्या जावेलाही सांगा, तिच्या डाव्या गालावर सुरुवात झालेली दिसते. तिनं आत्ताच जपलं, तर तिचा चेहरा असाच राहील.

असाच राहील. कसा, ते मला ठाऊक होतं. अख्खा मोहल्ला तिच्या चेहऱ्याकडं बघायचा.

बाहेर आलो. रिक्षा मिळेना. शोभानं विचारलं, "अक्का, माझ्याकडं बघून डाक्टर काय म्हणले वो?"

आणि मी म्हणाले, "म्हणाले, तुमच्या या धाकट्या जावेची कातडी दणकट आहे. तिला ऊन बाधायचं नाही."

बस. हेच ते वाक्य.

का बोलले? इतकी वर्षं मी मनाला एकच उत्तर देत आले — की दोघींनी सावली धरली असती, तर एवढ्या मोठ्या घराच्या कुरडया कुणी घातल्या असत्या? सासूबाईंना काय तोंड दाखवलं असतं? चांगलं उत्तर आहे ना? पण खोटं आहे. कुरडया विकतही मिळतात. खरं सांगू? मला हेवा वाटला. माझा चेहरा गेला आणि हिचा मात्र असाच राहणार, हे मला सोसलं नाही. झालं. आता बोलले.

आणि ती? ती इतकी खूश झाली! "व्हय? असं म्हणले?" रिक्षावाल्यालाही सांगितलं तिनं. घरी सासूबाईंना सांगितलं, माहेरी कळवलं. माझी पाळी तर तिनं त्याच उन्हाळ्यात काढून घेतली. "अक्का, तुमी सावलीत बसा. आपल्याला काय होतंय? डाक्टरनंच सांगितलंय." कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या — सगळं ऊन तिच्या एकटीच्या वाट्याला. वर तोंड भरून गाणी. मी खाली सावलीत, तोंडाला डॉक्टरांचं मलम लावून.

पुढच्याच वर्षी तिचा डावा गाल काळवंडला. मला दिसला. तेव्हा सांगता आलं असतं ना? आलं असतं. मग उजवा. मग कपाळ. चाळिशीतच डोळ्यांच्या कडांना जाळं, गळ्याची कातडी सैल. दर उन्हाळ्याला मला एक संधी होती, आणि दर उन्हाळ्याला मी चीक ढवळत बसले.

एकदा शहागंजात बांगड्या भरायला गेलो, तर बांगडीवाले चाचा तिलाच म्हणाले, "आपा, तुमारी छोटी बहन के वास्ते ये हरी लेलो." छोटी बहन म्हणजे मी! शोभा हसता हसता दुकानाच्या पायरीवर बसली. महिनाभर मला 'छोटी बहन' म्हणून हाक मारत होती. कधी आरशापुढं कुरकुर नाही, कधी कुणाचा मत्सर नाही. आनंदी बाई हो! तिच्यामुळं आमचं घर हसतं राहिलं, तिच्यामुळं मी हसायला शिकले. आणि मी तिला काय दिलं?

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ म्हटलं असतं, तरुणपणी डोकं फिरलं. पण यंदाचं ऐका.

यंदा चैत्रात शोभाच्या नव्या सुनेनं हट्टच धरला, आईंना कातडीच्या डॉक्टरकडं न्यायचंच. मीही गेले सोबत. तरुण डॉक्टरीण, गोड बोलणारी. तिनं दिवा लावून शोभाचा चेहरा नीट पाहिला आणि जुन्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच सांगितलं — वांग काय, सुरकुत्या काय, बरंचसं उन्हाचंच देणं. मग म्हणाली, "मावशी, उन्हापासून जपा असं इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नाही?"

"सांगितलं की!" शोभा ऐटीत म्हणाली. "उलट सांगितलं. माझी कातडी दणकट हाय, ऊन बाधायचं नाय म्हणून."

डॉक्टरीण हसली. "असं कुठला डॉक्टर सांगेल?"

सून ओशाळली. हळूच म्हणाली, "आई, तुमची ऐकण्यात चूक झाली असेल."

तेव्हा, चाळीस वर्षांच्या आमच्या संसारात पहिल्यांदा, शोभाचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलं. "मी काय खोटं बोलते व्हय?" ती म्हणाली. "ह्या अक्का होत्या की तिथं. अक्का, तुमीच सांगा."

तिघी माझ्याकडं बघायला लागल्या. हेवा केव्हाच संपला होता. सासूबाई नव्हत्या, कुरडया आता विकत येतात. खरं बोलायला काही म्हणजे काही आडवं येत नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "असंच म्हणाले होते ते. मी ऐकलंय ना."

"बघा!" शोभानं टाळी वाजवली आणि अशी हसली, की बाहेरचा कंपाउंडर डोकावून गेला. मग डॉक्टरणीलाही हसू आलं, सुनेलाही आलं. मीही हसले.

बाहेर पडलो तर ऊन मी म्हणत होतं आणि सुनेनं गाडी लांब लावलेली. शोभानं आपल्या डोक्यावरचा पदर काढला आणि माझ्या चेहऱ्यावर सावली येईल असा धरला. म्हणाली, "चला अक्का, तुमाला सोसायचं नाय."

गाडीपर्यंत मी त्या पदराखालून चालत गेले.