टचलाइनवरून दिसलेला एल्विन प्रॉथरो

एल्विन प्रॉथरो जिंकला की ‘मी’ म्हणायचा आणि हरला की ‘ही पोरं’. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्याच्या शेजारी टचलाइनवर, मैदानाच्या कडेला, कित्येक सीझन उभी राहून स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मी उर्मिला, आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. शुक्रवारी ड्यूटी संपली की मी स्लीव्ह ब्लूम सिटी या क्लबच्या मैदानावर जायचे. नावात सिटी असली तरी मैदानाच्या तीन बाजूंना मेंढ्या चरतात. क्लब गावातल्याच लोकांनी चालवलेला, एल्विन त्याचा मॅनेजर, म्हणजे संघाचा प्रशिक्षक, आणि माझं तिथलं काम निव्वळ हौसेचं. नवरा सारंग औषधांच्या कारखान्यात इंजिनियर. त्याच्या लेखी फुटबॉल म्हणजे धुवायचे चिखलाचे कपडे. मला हे वेड माहेरून आलं. आमचे बाबा कोल्हापूरच्या लीगमध्ये रेफ्री होते. दोन्ही पेठांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी घरी यायचे आणि शांतपणे चहा मागायचे.

एल्विन उत्तर वेल्सचा. पाटीच्या दगडाच्या खाणी असलेल्या गावात वाढला. पत्रकार भेटला की तो स्वतःला खाणकामगाराचा मुलगा म्हणवायचा. त्याची बायको न्यूआला इथलीच, लीश परगण्यातली, आणि स्वभावाने सरळ. एकदा चहा पिताना ती सहज बोलून गेली, “याचे वडील बँकेत मॅनेजर होते. खाण त्यांनी खिडकीतून पाहिली असेल तेवढीच.” एल्विन शेजारीच होता. तो हसला, आणि पुढच्या मुलाखतीत पुन्हा खाणकामगाराचाच मुलगा झाला.

इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये तो सेंटर-हाफ म्हणून, म्हणजे बचावफळीत, बरीच वर्षं खेळला. वेल्सच्या राष्ट्रीय संघाची जर्सीही त्याला दोन-तीनदा मिळाली. शेवटच्या वेळी त्याला हाफटाइमलाच बसवलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. ज्या मॅनेजरने बसवलं तो पुढे वारला, तरी एल्विनने त्याला सोडलं नव्हतं. बसमध्ये निम्मा प्रवास त्या मेलेल्या माणसाच्या चुका सांगण्यात जायचा.

खोटं कशाला बोलू, खेळ त्याच्या अंगात होता. पन्नाशी ओलांडल्यावरही कॉर्नरच्या सरावाला तो स्वतः उभा राहायचा, आणि बॉल कुठे पडणार हे बॉलच्या आधी त्याला कळायचं. नुसता दोन पावलं सरकायचा आणि विशीतल्या पोरांच्या डोक्यावरून हेडर मारायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी हातातलं बँडेज विसरून बघत राहिले होते. एवढी देणगी लाभलेला माणूस इतका हलका निघावा, याची मला अजून चीड येते.

मॅनेजर तो कसा झाला, तेही सांगते. क्लबचा मॅनेजर होता फ्रँक, निवृत्त शाळामास्तर. पोरं त्यानेच गोळा केली होती, शिकवली होती. एल्विन त्याचा मदतनीस. फ्रँकची बायपास झाली तेव्हा एल्विन मोठा पुष्पगुच्छ घेऊन त्याला भेटून आला, आणि तिथून थेट कमिटीच्या बैठकीला गेला. तात्पुरता म्हणून त्याला नेमलं. फ्रँक बरा होऊन परतला, तोवर त्याच्या खुर्चीवर एल्विनचा कोट होता. फ्रँकला मुलींच्या संघाकडे पाठवून दिलं. “त्याच्या तब्येतीला तेच बरं,” असं एल्विन सगळ्यांना काळजीच्या सुरात सांगायचा.

त्या वर्षी बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे राहायला आले होते. मी त्यांना मॅचला नेलं. ते थंडीत कानटोपी घालून कठड्याशी उभे राहिले. घरी येताना गाडीत म्हणाले, “ह्यो गडी बॉलकडं बघत न्हाई गं. क्यामेऱ्याकडं बघतोय.”

फ्रँकने घडवलेला तो संघ पुढच्याच सीझनला कपच्या सेमीफायनलमध्ये पोचला. गावात दुकानादुकानांत पताका लागल्या. आमचा कॅप्टन होता कॅहल, पेशाने इलेक्ट्रिशियन, शांत मुलगा. सेमीफायनलच्या आधीच्या आठवड्यात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं. मी तपासलं. सूज होती, गुडघा बाजूला सैल सरकत होता. ड्रेसिंग रूममध्ये मी एल्विनला सगळ्यांसमोर सांगितलं, “हा खेळणार नाही. एक मिनिटही नाही.”

“तू म्हणशील तसं,” एल्विन म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे होतो. आमच्या गोलकीपरची भुवई फाटली होती, म्हणून मी आतल्या खोलीत पट्ट्या लावत बसले होते. बाहेर आले तर कॅहल मैदानात. मी एल्विनकडे धावले.

“हे काय आहे?”

“त्याला खेळायचंय,” तो मैदानावरची नजर न हलवता म्हणाला. “मी काय त्याला बांधून ठेवू?”

“हो! तेच तुझं काम आहे!”

“ओरडू नकोस, कॅमेरा आहे.”

कॅहलने खरोखरच बरोबरीचा गोल केला. मग एका साध्या टॅकलला त्याचा पाय गवतात रुतला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. त्याची किंकाळी ऐकून माझ्या आधी पलीकडच्या संघाचा फिजिओ धावला. मॅच आम्ही पेनल्टीवर जिंकलो. त्यानंतर फायनलही जिंकली, तेव्हा कॅहल ऑपरेशन होऊन घरी पाय उशीवर ठेवून पडला होता.

सेमीफायनलच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात रेडिओ लावला होता. एल्विनची मुलाखत चालू होती. कॅहलबद्दल विचारल्यावर तो जड आवाजात म्हणाला, “फार वाईट वाटतं. पण आमच्या मेडिकल टीमने त्याला फिट म्हटलं होतं. माझा माझ्या लोकांवर विश्वास असतो.”

मेडिकल टीम म्हणजे मी. आणखी कुणी नव्हतंच.

मी तशीच गाडी काढून मैदानावर गेले. तो पार्किंगमध्ये कुणाबरोबर तरी फोटो काढून घेत होता. माझं म्हणणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाला, “अगं, प्रेसला काहीतरी द्यावंच लागतं. चार दिवसांत विसरतील. ग्रँड होईल सगळं.” इथे छप्पर उडालं तरी लोक ग्रँडच म्हणतात, पण इतक्या निर्मळ चेहऱ्याने मी कुणाला म्हणताना पाहिलं नव्हतं.

क्लबचा अध्यक्ष ब्रेंडन. मी त्याला खुलासा करायला सांगितलं. त्याला माझं म्हणणं पटलं होतं, हे त्याच्या लाल झालेल्या मानेवरून कळत होतं. “कपचं वर्ष आहे, उर्मिला,” तो म्हणाला. “आता नको.” कप आला, कपाटात गेला, पण ब्रेंडनचं ‘आता नको’ काही संपलं नाही. हॉस्पिटलात एक-दोन पेशंटनी मला विचारलंही, “त्या कॅहलला पास करणारी तूच ना?” मी प्रत्येकाला खरं सांगितलं. प्रत्येकाने सहानुभूतीने मान हलवली, म्हणजे विश्वास ठेवला नाही.

कपच्या जोरावर एल्विनकडे राष्ट्रीय संघ चालून आला. वेल्सचा नाही; तेवढी अक्कल त्यांना आहे. दूरच्या समुद्रातल्या एका बेटांच्या देशाला परदेशी मॅनेजर हवा होता. एके दिवशी बिस्किटांचा डबा घेऊन एल्विन आमच्या दारात हजर. सारंगने चहा टाकला. आमची रेवा तेव्हा बारा वर्षांची. तिला कप जिंकलेला माणूस घरी आल्याचं कोण कौतुक!

“त्या लोकांना मी खेळाडूंची काळजी कशी घेतो याबद्दल कुणाशी तरी बोलायचंय,” बिस्किट चहात बुडवत एल्विन म्हणाला. “मी म्हटलं, उर्मिलाशी बोला.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“एल्विन, तू रेडिओवर माझ्याबद्दल काय बोललास, आठवतं?”

“रेडिओवर?” त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला. “मी रेडिओवर खूप बोलतो.”

“कॅहलच्या गुडघ्याबद्दल.”

“हां, बिचारा कॅहल. वाईट झालं. त्यात कुणाचीच चूक नव्हती.”

सारंगने कप ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मला फोन आला तर मी खरं तेच सांगणार.”

“अगं, म्हणून तर तुझं नाव दिलं!” एल्विन खूश होऊन म्हणाला आणि आणखी एक बिस्किट घेतलं.

तोवर माझी समजूत होती की हा माणूस धूर्त आहे. त्या दिवशी कळलं की धूर्तपणालासुद्धा आपण काय केलं हे आठवावं लागतं. याच्या आत काही साठतच नव्हतं.

फोन आला. त्यांच्या फेडरेशनच्या एका बाईंनी नीट, सभ्यपणे प्रश्न विचारले. मी काहीही वाढवून न सांगता, घडलं तसं सांगितलं. “हे फार उपयोगी आहे,” त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी एल्विनला नेमलं.

तिथे काय झालं ते रेवाच्या फोनवरच्या क्लिपांमधून आणि न्यूआलाच्या तोंडून कळत गेलं. पहिली मॅच हरल्यावर गवत वाईट होतं. दुसरी हरल्यावर उकाडा होता. तिसरी फारच मोठ्या फरकाने हरल्यावर तो पत्रकारांना म्हणाला, “या पोरांना हरायची सवयच लागली आहे.” त्या पोरांत एक कस्टममधला कारकून होता, एक शाळेत शिकवायचा, दोघं-तिघं बोटीवर मासेमारी करून सरावाला यायचे. दुसऱ्या दिवशी ते सगळे मैदानात आले आणि गवतावर बसून राहिले. माफी मागितल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. एल्विनने माफी मागितली, पण मदतनिसाला पाठवून. स्वतः तो हॉटेलात होता. शेवटी घरच्या मैदानावर एक मॅच बरोबरीत सुटली. तेवढ्यावर त्याने पुढचा काळ काढला. मग त्यांनी त्याला घरी पाठवलं. विमानतळावर तो म्हणाला, “माझं तिथलं काम पूर्ण झालं.”

आणि आमच्या गावाने काय केलं? रविवारी हॉटेलात त्याच्यासाठी जेवण ठेवलं. देशाचा मॅनेजर होऊन परत आलेला आपला माणूस! कुठला देश, हे निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. न्यूआला आजारी आहे म्हणून आली नव्हती. ती अजिबात आजारी नव्हती, मला सकाळीच दुकानात भेटली होती.

कॅहल आला होता. दोन ऑपरेशनं होऊनही त्याचा खेळ संपलेला होता. शिडीवर चढणं जमेना, म्हणून वायरिंगचं काम सोडून तो एका दुकानाच्या काउंटरला लागला होता. एल्विन माइकवरून बरंच बोलला. मग त्याची नजर कॅहलवर पडली आणि चेहरा उजळला.

“तो बघा माझा कॅप्टन! माझ्यासाठी गुडघा देणारा पोरगा! ये, वर ये, फोटो काढू!”

टाळ्या पडल्या. कॅहलने मान खाली घातली आणि बटाट्याचे काट्याने बारीक तुकडे करत राहिला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला उठवायला लागलं.

मी उभी राहिले. माझा आवाज मुळातच मोठा आहे, माइकची गरज पडली नाही.

“त्याने दिला नाही, एल्विन. तू घेतलास. मी नाही म्हटलं होतं आणि तू ऐकलं होतंस.”

एल्विन माझ्याकडे असा बघत होता, जणू मी मराठीतच बोलले. मग ब्रेंडनने टाळी वाजवली आणि म्हणाला, “चला, गोड आणा आता.” आणि गोड आलं. ॲपल पाय, वर क्रीम. नंतर बायकांच्या बाथरूममध्ये तिघींनी माझा हात दाबून “फेअर प्ले टू यू”, म्हणजे शाब्बास, म्हटलं, कुजबुजत. टेबलाशी मात्र एकीनेही म्हटलं नाही.

बाहेर गाडीपाशी कॅहल म्हणाला, “पण मी हो म्हणालो होतो ना त्याला. त्याने विचारलं, लोकांनी तुला आठवावं असं वाटतं का? मी हो म्हणालो.”

“तुला विचारायचंच नव्हतं रे,” मी म्हणाले. “कुठलाही कॅप्टन होच म्हणतो. म्हणून तर मॅनेजर लागतो.”

त्याने नाक पुसलं आणि मला दार उघडून दिलं.

त्याच महिन्यात क्लबने एल्विनला डायरेक्टर ऑफ फुटबॉल केलं. मी बॅग आवरली आणि फ्रँककडे मुलींच्या संघाला गेले. महिन्याभराने कॅहलही तिथे शिकवायला आला. ओरडत नाही, पण मुली ऐकतात त्याचं.

एल्विन डायरेक्टरच्या खुर्चीतही टिकला नाही. संघ तळाला जायला लागला तसा तो टीव्हीच्या स्टुडिओत तज्ज्ञ म्हणून जाऊन बसला. परवा आम्ही जेवत होतो आणि तो पडद्यावर होता. कुठल्याशा संघाने दुखापत झालेल्या खेळाडूला उतरवलं होतं, त्यावर चर्चा चालली होती. एल्विन पुढे वाकून, भुवया जवळ आणून म्हणाला, “फिजिओ नाही म्हणाली की विषय संपला. मी आयुष्यभर हेच पाळलं.”

रेवाला हॉटेलातलं सगळं ठाऊक आहे. तरीही ती तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, की बोलतोय ते तर बरोबरच आहे.

सारंगने रिमोट उचलला. मी म्हटलं, राहू दे. वरण वाढ.