पांढरी उपसली, आणि दादा गेला

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू नाही, राग आला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडलं असेल. पण महिनाभरापूर्वी गावाची पांढरी जेसीबीने उपसली, तेव्हापासून माझा हा थोरला भाऊ धड जेवत नव्हता, हे मी येता-जाता डोळ्यांनी पाहिलंय.

मोताळ्याजवळच्या आमच्या गावाबाहेर जुन्या वस्तीचं, पांढऱ्या मातीचं ते टेकाड म्हणजे पांढरी. दर उन्हाळ्यात घरोघरचे लोक तिथून टोपल्यांनी माती आणून धाब्यावर पसरायचे, म्हणजे पावसात छत गळत नसे. दादा शाळेत इतिहास शिकवायचा. पोरांना पुस्तकं मिटायला लावून टेकाडाच्या कडेला न्यायचा आणि थर दाखवायचा... राख, मग खापरं, मग चुलीची भाजकी माती, पुन्हा राख. म्हणायचा, "गाव मरत नाही बे. जुन्याच्या डोक्यावर नवं बसते. आपणबी कोणाच्या तरी चुलीवर बसून राह्यलो."

मग घरांवर स्लॅब आले, मातीची धाबी गेली, टोपल्या गेल्या. बदलाबद्दल दादाची तक्रार नव्हती. त्याच्याही घरावर स्लॅबच होता. पण गावाने सांस्कृतिक भवन बांधायला काढलं आणि जोत्यात भराव म्हणून पांढरीच खणली. संस्कृतीच्या नावाने, बरं का! आजवरचे लोक जुन्यावर घर बांधत आले, यांनी जुनंच उचलून पायाखाली घातलं. दादाने कचेरीत हेलपाटे घातले, मशीनपुढे जाऊन उभा राहिला. सरपंच हसून म्हणाले, "काऊन तरास करून घेता सर? खापरंच तं हायेत." बघता बघता टेकाड सपाट झालं.

शोकसभा त्याच जोत्यावर मांडव घालून ठेवली. निर्लज्जपणाला काही हद्द? भवन झालं की सरांचा फोटो दर्शनी लावू, असं सरपंचांनी जाहीर केलं. टाळ्या वाजणार तेवढ्यात मी उठले.

"फोटो नका लावू. ज्याच्यासाठी माहा भाऊ झुरला, ते तुमच्या खुर्च्यांखाली दाबलं हाये."

हार घातलेला फोटो काखेत धरून मी दादाच्या घरी आले.

काल त्याची खोली आवरायला घेतली. उपसा चालू असताना त्याने वेचून आणलेली खापरं खाटेखाली, खिडकीत, कपाटावर. फरशीभर त्यांची पांढरी माती सांडलेली, आणि तीत दादाच्या अनवाणी पावलांचे ठसे. मी झाडू उचलला... आणि परत कोपऱ्यात ठेवून दिला.