फळ्याचा खालचा भाग

शिंपीकाकांना पक्षवाल्यांनी दम भरला आणि ते गप्प झाले, अशी गल्लीभर बोलवा आहे. कुणी म्हणतं चोप मिळाला, कुणी म्हणतं सदतीस सदऱ्यांचं काम देऊन तोंड बंद केलं. साफ खोटं.

दुकानाबाहेरच्या फळ्यावर काका रोज सकाळी कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूने तीन बातम्या लिहायचे. एक गावातली, एक राजकारणातली, एक विज्ञानातली. प्रत्येकीखाली एका ओळीचा शेरा. लोक थांबायचे ते शेऱ्यासाठीच. ‘कारखान्याच्या धुराची तपासणी होणार.’ खाली: ‘साहेबांनी येताना गाडीच्या काचा बंद ठेवाव्यात.’ ‘फुफ्फुसांवरचं नवं औषध उंदरांवर यशस्वी.’ खाली: ‘उंदरांचं अभिनंदन. माणसांनी रांगेत उभं राहावं.’

पक्षाचा माणूस येऊन गेला, एवढं मात्र खरं. “काका, आपलं माणूस म्हणून सांगतो, जरा बेतानं,” असं तो जिभेवर साखर घोळवत म्हणाला. काका कसनुसं हसले आणि त्याच्या पँटचं माप घेऊ लागले. तेवढ्यात पडद्यामागून दम खात, तुकड्या-तुकड्याने आवाज आला.

“छत्तीस लिहा... चौतीस होती... निवडणूक मानवली.”

तो आवाज काकूंचा. शेरेही सगळे त्यांचेच. काका इतके भिडस्त, की गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणतानाही त्यांना घाम फुटायचा. काकू आत काज-बटणं करता करता रेडिओ ऐकायच्या, फटकन काहीतरी बोलायच्या, आणि काका बाहेर जाऊन ते लिहायचे.

धुराने काकूंची फुफ्फुसं खाल्ली होती. उंदरांचं औषध माणसांपर्यंत कधी पोचतं, याकडे दोघांचे डोळे लागले होते. शेरे आखडत गेले. ओळीचे चार शब्द झाले, चाराचे दोन. मंत्री म्हणाले, हवा उत्तम आहे. त्याखाली नुसतं ‘बरं’. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

काकांनी फळा एक दिवसही चुकवला नाही. बातम्या लिहायचे आणि प्रत्येकीखाली वीतभर जागा सोडायचे. मी त्यांना म्हटलं, महिन्याभरात तुम्ही शेरा लिहिणार म्हणजे लिहिणार. हरले तर महिनाभर फळा मी पुसेन. ते म्हणाले, लाव पैज.

तिसाव्या, शेवटच्या दिवशी बातमी आली, औषध माणसांसाठी मंजूर. काकांनी ती नीट, सरळ ओळीत लिहिली. खडू खाली आला आणि रिकाम्या जागेवर थांबला. माझ्याने राहवेना. गल्लीतल्या सगळ्यांची नक्कल मला जमते, काकूंचीही. मी दम खात, तुकड्या-तुकड्याने म्हटलं, “रांग पुढे सरकली... माझा नंबर... कुणाला दिलात?”

काकांनी खडू फळ्यावरून उचलला.

“आवाज तिचा आहे, पोरी,” ते म्हणाले. “शेरा तुझा आहे.”

खडू खिशात टाकून ते आत गेले आणि मशीन चालू झालं.

दुसऱ्या दिवसापासून फळा मी पुसते. फार वेळ लागत नाही.